ब्लिसी आणि मोकळ्या टर्नचे गणित: स्पर्धात्मक पोकेमॉनमधील बचावात्मक सहायक



एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर आपली पोकेमॉनची टीम दाखवली आणि विचारले, "सर, सगळ्यात जास्त एचपी ब्लिसीचा आहे, तरी ती एका फटक्यात कशी जाते?" त्याने हाताशी असलेले गुण आधी एचपीमध्येच ओतले होते. जे बळकट आहे तेच आणखी बळकट करायचे, हा त्याचा विचार होता. या विचारात चूक कुठे आहे, हे आपण या पाठात आकडे मांडून पाहू. त्यानंतर एक मोठा प्रश्न घेऊ: बचाव करणारा पोकेमॉन टीममध्ये नेमका कशासाठी ठेवायचा?

१. गृहीतके

आपण सहा विरुद्ध सहा, एकास एक पद्धतीचा सामना घेऊ. सर्व पोकेमॉन लेव्हल १०० चे आहेत. प्रत्येक टर्नमध्ये खेळाडू एक मूव्ह वापरू शकतो किंवा पोकेमॉन बदलू शकतो. बदलून आत आलेल्या पोकेमॉनला त्या टर्नचा फटका सोसावा लागतो.

ब्लिसी दुसऱ्या पिढीत, म्हणजे १९९९ मध्ये जपानमध्ये आलेल्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत प्रथम दिसली. तिचे मूळ गुण असे आहेत: एचपी २५५, अटॅक १०, डिफेन्स १०, स्पेशल अटॅक ७५, स्पेशल डिफेन्स १३५, स्पीड ५५. एचपी प्रचंड आणि डिफेन्स जवळजवळ नाहीच, ही विषमता लक्षात ठेवा.

लेव्हल १०० ला प्रत्यक्ष गुण पुढील सूत्रांनी मिळतात (जन्मजात गुण कमाल, म्हणजे ३१ धरून):

एचपी = २ × मूळ गुण + ३१ + ईव्ही ÷ ४ + ११०
इतर गुण = २ × मूळ गुण + ३१ + ईव्ही ÷ ४ + ५

ईव्ही म्हणजे सरावातून मिळणारे गुण. ते एकूण ५१० आणि एका गुणात जास्तीत जास्त २५२ घालता येतात. २५२ ईव्हींमुळे कोणताही गुण ६३ ने वाढतो. थोडक्यात, दोनच गुण पूर्ण भरता येतात. साधनसामग्री मर्यादित आहे, म्हणून हा इष्टतमीकरणाचा प्रश्न आहे.

२. ईव्ही कुठे घालावेत?

शारीरिक फटके सोसण्याची क्षमता साधारणपणे एचपी आणि डिफेन्स यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. ईव्ही न घालता ब्लिसीचा एचपी ६५१ आणि डिफेन्स ५६ येतो.

• काहीच न घालता: ६५१ × ५६ = ३६,४५६
• २५२ ईव्ही एचपीत: ७१४ × ५६ = ३९,९८४
• २५२ ईव्ही डिफेन्समध्ये: ६५१ × ११९ = ७७,४६९

दोन्हीकडे भर ६३ चीच आहे. पण ६५१ मध्ये ६३ मिळवले तर वाढ दहा टक्क्यांच्या आत राहते आणि ५६ मध्ये मिळवले तर संख्या दुपटीहून मोठी होते. गुणाकारात भर घालायची असेल तर ती लहान घटकात घालावी, हा नियम तुम्ही कॅल्क्युलसमध्ये शिकला आहात. स्वभाव 'बोल्ड' निवडला तर डिफेन्स आणखी दहा टक्के वाढून १३० होतो. त्या बदल्यात अटॅक घटतो, पण ब्लिसीला अटॅकचा उपयोगच नसतो. तिची नेहमीची मूव्ह सिस्मिक टॉस ही लेव्हलइतकेच, म्हणजे १०० चे नुकसान करते. त्यात अटॅकचा आकडा येतच नाही.

३. दोन हल्लेखोर, एकच आकडा

गारचॉम्पचा मूळ अटॅक १३० आहे आणि लॅटिओसचा मूळ स्पेशल अटॅकही १३० आहे. दोघांनी त्यात २५२ ईव्ही घातले तर प्रत्यक्ष गुण ३५९ होतो. लेव्हल १०० ला नुकसानीचे सूत्र असे:

नुकसान = (४२ × मूव्हची शक्ती × हल्ला ÷ बचाव ÷ ५० + २) × इतर गुणक

इतर गुणकांमध्ये ०.८५ ते १ मधला एक यादृच्छिक गुणक असतो. मूव्ह हल्लेखोराच्या स्वतःच्या प्रकारची असेल तर १.५ हा गुणकही लागतो. आता आकडे पाहा:

• गारचॉम्पचा अर्थक्वेक (शक्ती १००), डिफेन्स ५६ असताना: ६८८ ते ८१०. एचपी वाढवून ७१४ केला तरी ब्लिसी बहुतेक वेळा पडते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच.
• तोच अर्थक्वेक, डिफेन्स १३० असताना: २९७ ते ३४९, म्हणजे ६५१ च्या सुमारे निम्मे.
• लॅटिओसचा ड्रॅको मीटिअर (शक्ती १३०), स्पेशल डिफेन्स ३०६ असताना: १६५ ते १९५, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत. इथे स्पेशल डिफेन्समध्ये एकही ईव्ही घातलेला नाही.

४. टिकणे म्हणजे जिंकणे नव्हे

ब्लिसीची सॉफ्ट-बॉइल्ड ही मूव्ह कमाल एचपीच्या निम्मा एचपी परत देते. दर टर्नला शत्रू करतो ते नुकसान 'न' आणि एका उपचारात परत मिळणारा एचपी 'उ' मानू. मग दर टर्नमागे 'न ÷ उ' इतके टर्न उपचारात जातात आणि उरलेले मोकळे राहतात:

मोकळ्या टर्नचे प्रमाण = १ − (न ÷ उ)

स्पेशल हल्लेखोर दर वेळी तीस टक्के नुकसान करत असेल तर पाच टर्नमध्ये १५० टक्के जातात. तीन सॉफ्ट-बॉइल्डनी ते भरून निघतात. पाचातले दोन टर्न मोकळे मिळाले. (ड्रॅको मीटिअर वापरल्यावर लॅटिओसचा स्पेशल अटॅक दोन पायऱ्यांनी घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त मिळतात.)

आता गारचॉम्पसमोर पाहा. नुकसान सुमारे पन्नास टक्के, उपचारही पन्नास टक्के, म्हणजे मोकळे टर्न शून्य. ब्लिसी जिवंत आहे, पण टीमसाठी ती काहीच करत नाही. दरम्यान गारचॉम्पने एकदा स्वोर्ड्स डान्स वापरून अटॅक दुप्पट केला, तर पुढच्या अर्थक्वेकचे नुकसान ५९२ ते ६९७ होते. पूर्ण एचपी असूनही ती पडू शकते. अशा वेळी तिला तिथे बसवून ठेवू नये, तातडीने बदलावे.

बचावात्मक सहायकाचे मोल तो किती वेळ टिकला यावर ठरत नाही. त्याने सोबत्यांना किती मोकळे टर्न मिळवून दिले, यावर ते ठरते.

५. मोकळा टर्न कसा खर्च करावा?

• स्टेल्थ रॉक: आत येणाऱ्या शत्रूला सामान्यतः कमाल एचपीच्या १/८ नुकसान होते.
• हील बेल: संपूर्ण टीमचे विषबाधा, भाजणे, लकवा असे दोष दूर होतात.
• टॉक्सिक: नुकसान १/१६, २/१६, ३/१६ असे वाढत जाते. पाच टर्नमध्ये बेरीज १५/१६ होते. शत्रू बदलला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.
• सिस्मिक टॉस: शंभरचे ठरलेले नुकसान, पण घोस्ट प्रकारावर परिणाम शून्य.
• बदल: कधी सर्वात चांगला खर्च हाच असतो. नॅचरल क्युअर ही क्षमता असेल तर बाहेर जाताना ब्लिसीचा स्वतःचा दोषही जातो.

पिढीनुसार मूव्हची यादी बदलते, त्यामुळे आपल्या खेळात कोणती उपलब्ध आहे हे आधी तपासा.

६. मर्यादा

टॉन्ट लागले की काही टर्न सॉफ्ट-बॉइल्ड वापरता येत नाही आणि सूत्रातला 'उ' शून्यावर येतो. सायशॉक ही मूव्ह स्पेशल असूनही नुकसान मोजताना डिफेन्सचा आकडा घेते, म्हणजे नेमका ब्लिसीचा कच्चा दुवा पकडते. शिवाय उपचार अमर्याद नाहीत: पूर्वी सॉफ्ट-बॉइल्ड जास्तीत जास्त १६ वेळा वापरता येत असे, नवव्या पिढीत फक्त ८ वेळा. म्हणून "शत्रू दमेपर्यंत थांबू" ही योजना एकटी पुरत नाही. सामना जिंकून देणारा हल्लेखोर टीममध्ये हवाच. ब्लिसी त्याच्यासाठी वेळ विकत घेते.

स्वाध्याय

१. ब्लिसीचे आधीचे रूप चॅन्सी हिचा मूळ एचपी २५० आणि डिफेन्स ५ आहे. इव्हिओलाइट ही वस्तू पूर्ण उत्क्रांत न झालेल्या पोकेमॉनचे दोन्ही बचाव दीडपट करते. एचपीत शून्य, डिफेन्समध्ये २५२ ईव्ही आणि बोल्ड स्वभाव धरून एचपी × डिफेन्स काढा आणि ब्लिसीच्या ८४,६३० शी तुलना करा. (उत्तर: ६४१ × १७८ = १,१४,०९८)

२. नॉक ऑफ या मूव्हने चॅन्सीची वस्तू गेली, तर वरचे उत्तर किती होईल? यावरून कोणती टीम चॅन्सीसाठी जास्त धोक्याची ठरेल?

३. तुमच्या टीममधील एका बचावात्मक पोकेमॉनसाठी तीन नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर मोकळ्या टर्नचे प्रमाण काढा. ते शून्य किंवा ऋण आले, तर त्या प्रतिस्पर्ध्यासमोर कोणाला पाठवाल?