बंदरावरचं जेवण : ऑर्डर देण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

उन्हाळा आला, की आपल्याकडे भारतातून आईबाबा येतात, सासूसासरे येतात. मग गोल्डन गेट ब्रिज दाखवून झाला, की गाडी हमखास वळते सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फकडे. समोर होड्या, पियर ३९ वर ओरडणारे सी लायन, वाफाळत्या खेकड्यांचा वास. तिथेच जेवायचं ठरतं. आजचा भाग त्या जेवणाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी माझे आईबाबा पहिल्यांदा आले, तेव्हा मीही त्यांना तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये नेलं. खिडकीजवळचं टेबल, सगळे खूश. बिल आलं आणि ते माझ्याआधी आईच्या हाती लागलं. तिने मनातल्या मनात रुपये केले आणि फोल्डर हळूच मिटलं. त्यानंतर महिनाभर कुठेही बाहेर गेलो, की तिचं एकच, "मला भूक नाही गं, तुम्ही खा." पैसे गेले त्याचं काही नाही, पण आईची ती खोटी भूक मला लागून राहिली. चूक बरीचशी माझीच होती. मी मेनू वाचला होता, पण विचारलं काहीच नव्हतं.

आधी हे जेवण महाग का, ते पाहू. एमबीएच्या वर्गात शिकलेलं इथे कामी येतं. वॉर्फवरच्या बहुतेक रेस्टॉरंटची जागा सॅन फ्रान्सिस्को बंदराच्या मालकीची आहे. ती भाड्याने मिळते, आणि अनेक करारांत विक्रीतला ठराविक टक्काही बंदराला द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या ताटात समुद्राच्या देखाव्याचं भाडंही असतं. दुसरं कारण गिऱ्हाईक. आपल्या कोपऱ्यावरच्या खानावळीला तुम्ही पुढच्या आठवड्यात परत यायला हवे असता. बंदरावर आलेला पर्यटक बहुधा पुन्हा येत नाही. तिथे चांगली रेस्टॉरंटही आहेत, पण राखण करायची ती आपणच.

त्यासाठी तीन प्रश्न. पहिला : हे कुठून आलं आणि ताजं आहे की गोठवलेलं?

इथला प्रसिद्ध खेकडा म्हणजे डंजनेस. मध्य कॅलिफोर्नियात त्याचा व्यावसायिक हंगाम परंपरेने नोव्हेंबरच्या मध्याला सुरू व्हायचा. अलीकडे, हंपबॅक देवमासे खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकतात म्हणून, तो बऱ्याचदा जानेवारीपर्यंत लांबतो आणि वसंतातच आवरता घेतला जातो. म्हणजे आपले पाहुणे येतात त्या जून-जुलैत ताटातला खेकडा बहुधा उत्तरेकडून, ओरेगन-वॉशिंग्टनहून आलेला किंवा हिवाळ्यात गोठवलेला असतो. गोठवलेला वाईटच असतो असं नाही, पण ताज्याचा भाव देण्याआधी माहीत हवं. दुकानातल्या माशावर तो कुठल्या देशाचा हे लिहावं लागतं. तो केंद्रीय कायदा रेस्टॉरंटला लागू नाही, म्हणून विचारायचं. सामनचंही तसंच. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियात सामनची व्यावसायिक मासेमारी बंद होती. मेनूवर सामन मात्र होताच!

दुसरा प्रश्न : मार्केट प्राइस म्हणजे आज किती?

मेनूवर आकड्याच्या जागी हे दोन शब्द दिसले, की आपण लाजून गप्प बसतो. मासे बाजारात कोळणीला भाव विचारताना आपण लाजतो का? मग इथे कसली लाज! भाव पाउंडाला आहे की अख्ख्या खेकड्याला, हेही विचारा. मोठा डंजनेस दोन पाउंडांच्या आसपास भरतो आणि त्यात मांस निघतं सुमारे चौथा हिस्सा. म्हणजे अख्ख्या खेकड्यातून पाव किलोच्या आत. चौघांत एक मागवून पोट भरणार नाही.

तिसरा प्रश्न : बिलात वरून काय काय लागेल?

सॅन फ्रान्सिस्कोत कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाचा कायदा २००८ मध्ये अमलात आला. तेव्हापासून अनेक रेस्टॉरंट बिलात 'एसएफ मँडेट' अशा नावाचा वेगळा आकार लावतात. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात छुप्या आकारांना बंदी आली, पण रेस्टॉरंटना सवलत मिळाली. आकार लावा, फक्त मेनूवर ठळक लिहा. तेव्हा मेनूच्या तळाची ओळ वाचा.

आता हिशोब. समजा, खाणं २०० डॉलरचं झालं. ६ टक्के आकार धरला तर १२ डॉलर. २१२ वर ८.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे १८ डॉलर २९ सेंट. २०० वर २० टक्के टिप, ४० डॉलर. एकूण २७० डॉलर २९ सेंट. मेनूवरच्या किमतीच्या वर पस्तीस टक्के! हे पस्तीस टक्के घरातून निघतानाच धरले, तर बिल पाहून दचकायला होत नाही.

टिप करासकट रकमेवर नाही, खाण्याच्या रकमेवर काढा. मोठ्या गटाला टिप आधीच लावलेली असू शकते. तेवढं पाहा, नाहीतर दोनदा दिली जाते. 'एसएफ मँडेट' ही टिप नव्हे. टिप द्यायचीच का, असं बाबा विचारतील. त्यांना सांगा, की टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकलेलं आहे. अनेक राज्यांत टिप हाच खरा पगार असतो. कॅलिफोर्नियात मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, पण या शहरात त्यावर घर चालवणं सोपं नाही.

खाण्याचे पथ्य पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. पावाच्या वाडग्यातलं क्लॅम चाउडर म्हणजे तिसऱ्यांचं दाट, मलईदार सूप. त्यात बऱ्याचदा बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय मागवू नका. कवचाच्या माशांची अ‍ॅलर्जी असेल, तर बसल्याबरोबर सांगा. बटाट्याच्या काचऱ्यासुद्धा त्याच तेलात तळलेल्या असू शकतात.

गेल्या जुलैत आईबाबा पुन्हा आले. पुन्हा वॉर्फ, दुसरं रेस्टॉरंट. बाबा मालवणचे. मेनूवरचा खेकडा बघून म्हणाले, "अगं, ही कुर्ली कधीची ते विचार की तिला. आपल्याकडे या दिवसांत बोटी किनाऱ्याला बांधलेल्या असतात." मी विचारलं. वाढणारी मुलगी हसली आणि सरळ म्हणाली, "हिवाळ्यातली आहे, गोठवलेली. आज इथले ताजे सँडडॅब आलेत, ते घ्या." सँडडॅब म्हणजे छोटा चपटा मासा, इथलाच. भाव विचारला, तोही सांगितला. आईने निम्मा मासा संपवल्यावर, "याला जरा तिरफळ हवं होतं," एवढीच तक्रार केली. बिल आलं ते मी आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळच होतं. तिने ते पाहिलं आणि बाबांकडे सरकवलं.

ताजा खेकडाच खायचा असेल, तर पाहुण्यांना हिवाळ्यात बोलवा. हंगाम सुरू झाला, की सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बेच्या पिलर पॉइंट बंदरात मच्छीमार होडीवरूनच जिवंत खेकडे विकतात. घरी आणा आणि वाटण लावून रस्सा करा. पण लाख भरलेली मादी मात्र मागू नका. इथे व्यावसायिक मासेमारीत फक्त नर पकडायची परवानगी आहे, तीही सव्वासहा इंचांच्या वरचे.

तर मंडळी, बंदरावर जरूर जा आणि खिडकीजवळ बसा. ऑर्डर देण्याआधी तेवढे तीन प्रश्न विचारा, म्हणजे आपल्या माणसांना खोटं "भूक नाही" म्हणावं लागणार नाही.