भोरड्या हाकणारे अण्णा

आई गेली आणि आमच्या अण्णांचं बोलणंच संपलं. तसं ते आम्हा मुलांशी कधी फारसं बोलतच नव्हते. "अण्णांना विचारून सांगते", "अण्णा हो म्हणालेत", असा सगळा कारभार आईमार्फत चालायचा. मधला तो निरोप्याच गेला, तेव्हा कळलं की बाप आणि लेक म्हणून आम्हाला एकमेकांशी बोलायचीच सवय नाही.

माझं माहेर नान्नजच्या बाजूचं. भाऊ पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं. अण्णांना मी वैरागला घेऊन आले. वय अठ्ठ्याहत्तर. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं?" एवढं एकच वाक्य ते दर आठ दिवसांनी बोलायचे. बाकी वेळ टीव्हीसमोर. मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत मी सुनांना ऐटीत सांगायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत जा. आणि घरी आले की "अण्णा, जेवलात का? गोळी घेतली का?" यापलीकडे मला शब्द सुचत नव्हता. लाज वाटायची, पण खरं ते खरं.

डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करत होते, अण्णा खुर्चीत बसलेले. डोक्यावरून पाखरांचा थवा गेला. ढगासारखा वळला, लांबट झाला, पुन्हा गोल झाला. अण्णा चक्क उठून उभे राहिले. "भोरड्या! हुरड्यावर आल्यात बघ."

त्या दिवशी ते तासभर बोलले. दिवस उगवायच्या आत शेतातल्या माळ्यावर चढायचं, मालदांडी ज्वारी राखायची, पोरांनी पत्र्याचे डबे वाजवायचे. "गोफणीनं पाखराला मारायचं नसतंय, नुसतं उठवायचं. आवाज निघाला पायजे," म्हणत त्यांनी माझ्या ओढणीला दोन वेढे देऊन ती फिरवूनसुद्धा दाखवली!

मुलाची दुर्बीण पडून होती, ती काढली. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गावाबाहेर ज्वारीच्या रानाकडे निघू लागलो. पाण्याची बाटली, कानटोपी, शुगरमुळे जवळ दोन बिस्किटं आणि गुडघ्यासाठी घडीची खुर्ची. या भोरड्या मध्य आशियाकडून हिवाळ्याला आपल्याकडे येतात आणि ज्वारीबरोबर नाकतोडेही फस्त करतात, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं. "म्हंजे आम्ही जन्मभर पावण्यास्नीच हाकलत व्हतो म्हण की," अण्णा म्हणाले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. समोरासमोर बसलं की अण्णा गप्प. शेजारी बसून दोघांनी लांब कुठंतरी बघत राहिलं की आपोआप बोलतात. मी मात्र मध्ये मोबाईल बघितला की संपलं. हे मला दोन रविवार वाया घालवल्यावर समजलं.

जानेवारीत वनखात्याची परवानगी काढून नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो. हे १९७९ साली झालेलं, माझ्याच वयाचं. तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे कमी करून १,२२२ वर आणलं. माळढोक म्हणजे मीटरभर उंच, नर तर पंधरा किलोपर्यंत भरणारा. आपल्याकडे आता तो दिसणं फार मुश्कील. देशभरातल्या रानांत मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. आम्हाला काळविटं दिसली, चंडोल दिसले, माळढोक काही दिसला नाही.

गवताच्या कडेला खुर्ची टाकून अण्णा बसले. मी सांगत होते, मादी जमिनीवरच अंडं घालते, बहुधा एकच. जैसलमेरच्या केंद्रात २०१९ पासून रानातली अंडी आणून उबवतात.

"उबवायला नेत्यात व्हय?" अण्णांनी दुर्बीण खाली घेतली नाही. जरा वेळानं म्हणाले, "आम्ही खाल्लंय."

१९७२चा दुष्काळ. अण्णा खडी फोडायच्या कामावर. थोरला भाऊ तीन वर्षांचा, तापानं फणफणलेला, घरात दाणा नाही. घरी येताना माळावर गवतात अंडं दिसलं. जवळच मादी उभी होती, उडाली नाही. टोपीत घालून आणलं. "तुझी आई आधी नगं म्हनली. तिच्याबी पोटात पोर व्हतं तवा. मग तिनंच उकडलं. त्याला भरवलं, आपन तोंडाला लावलं न्हाई." पुढचं बाळ राहिलं नाही. आईनं त्याचा संबंध त्या अंड्याशी जोडला होता, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही म्हणून अण्णांना शपथ घातली होती. पन्नासएक वर्षं त्यांनी ती पाळली.

आमच्यात आणखी एक भावंड येणार होतं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी त्या माळावर कळलं. अण्णा, त्या अंड्याचा आणि बाळाचा काही संबंध नाही हो, ती उपासमार होती, असं मी दोनतीनदा सांगितलं. त्यांना किती पटलं कोण जाणे. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि टोपीनं डोळे पुसले.

रात्री मी पुण्याला फोन लावला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा जागे आहेत का?"

फोन दिला. अण्णांनी तब्येतीचं, पोरांच्या शाळेचं विचारलं. शेवटी म्हणाले, "हुरडा संपायच्या आत ये. भोरड्या दावतो."