प्रशिक्षणाची जागा ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

नवे शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यापाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदवीच्या चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सांगितली. कागदावर हे फार छान दिसते. पण लातूर तालुक्यातल्या मुरुडच्या मुलाने हे तास भरायचे कुठे? गावात मोंढा आहे, आडत आहे, पतसंस्था आहे. ज्याचा मामा पुण्यात कंपनीत आहे त्याची सोय एका फोनवर होते. ज्याचा बाप सालगडी आहे आणि आई सोयाबीन काढायला जाते, त्या पोराने कोणाला फोन करायचा? मग तो ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणतो. तास भरतात, गुण मिळतात, हाताला मात्र काहीच येत नाही.

बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे गरिबाच्या तोंडावर लावलेले दार आहे. पुण्या-मुंबईत दोन महिने राहायचे तर खोलीभाडे कोण देणार, मेसचे पैसे कोण भरणार? उद्या नोकरीच्या मुलाखतीत हाच अनुभव विचारला जाणार आणि आमचा मुलगा गुणवत्तेत कमी ठरवला जाणार. ही गुणवत्तेची नव्हे, ओळखीपाळखीची स्पर्धा आहे. आणि ओळखीपाळखी या देशात जातीतूनच चालत आल्या आहेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी हे आठ दशकांपूर्वीच ओळखले होते. १९४२ साली ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाईसरॉयला दिले. त्यात शिष्यवृत्त्यांबरोबर आणखी एक मागणी होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी सांगितले. पदवीच्या जोडीला हातात हुन्नर पाहिजे आणि तो हुन्नर शिकण्याची जागा सरकारने द्यावी, असा त्यामागचा विचार होता.

पुढे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ आले आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव झाल्या. २००७ मध्ये इतर मागासवर्गीयांनाही हा हक्क मिळाला. २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. संख्या अडीच ते पंधरा टक्के आणि पदवीधराला दरमहा किमान ९ हजार रुपये विद्यावेतन ठरले. म्हणजे खासगी मालकालाही राखीव जागा ठेवायला सांगणारा कायदा या देशात आहे! आमच्या किती तरुणांना हे ठाऊक आहे?

या कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. म्हणूनच लेखी करार झाला का, त्याची नोंदणी झाली का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. करार नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर न्याय नाही. तंटा झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते.

लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. बाबासाहेबांनी ज्या रेल्वे वर्कशॉपचे दार ठोठावले होते, तेच दार आता मुरुडच्या हाकेच्या अंतरावर आले आहे. इथे शिकाऊ उमेदवारांच्या जागा किती, त्यात राखीव किती, भरल्या किती? एसटी आणि महावितरणही शिकाऊ उमेदवार घेतात. तिथेही हेच तीन प्रश्न विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जयंतीच्या वर्गणीतून असे किती अर्ज होतील, याचा हिशेब तरुण मंडळांनी जरूर करावा.

पदवी शिकत असतानाच्या इंटर्नशिपला मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे जबाबदारी महाविद्यालयाची आहे. जागा मुलाने शोधायची आणि गुण महाविद्यालयाने द्यायचे, हे चालणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या चारही जिल्ह्यांतील बँका, पंचायत समित्या, सरकारी दवाखाने यांच्याशी बोलून जागांची यादी लावावी आणि गरीब मुलांच्या प्रवासखर्चाची तरतूद करावी. ही मागणी घेऊन विद्यार्थी संघटनांनी कुलगुरूंकडे गेले पाहिजे.

आणि आमचे काय? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. आपल्या समाजातील वकिलांनी दरवर्षी किमान एका गरीब विद्यार्थ्याला आपल्या ऑफिसात घ्यावे, त्याला अर्ज लिहायला शिकवावे आणि त्याचे बसभाडे द्यावे. डॉक्टर, अभियंते, बँकेतले अधिकारी यांनीही तेच करावे. प्रस्थापितांच्या मुलांना मामा-काका आहेत. आमच्या मुलांचे मामा-काका आम्हीच झाले पाहिजे!

जयभीम!