मांडव्याहून दुबई किती लांब?

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १९०० किलोमीटर आणि विमानाचा प्रवास साधारण तीन तासांचा, असे सहज सांगितले जाते. अंतरापुरते हे खरे, वेळेपुरते अपुरे. मांडवेकरांना यात नवल वाटू नये. गेटवे ऑफ इंडिया त्यांच्या जेट्टीपासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत आहे, पेण-पनवेलमार्गे रस्त्याने मात्र शंभरीच्या आसपास. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाल्यावर हिशेब पुन्हा बदलला. अंतर जागचे हलले नाही. वेळ मात्र ऋतूने आणि वाटेने ठरवली. आकाशातही तसेच आहे.

प्रवासी विमान ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास उडते, पण हा वेग भोवतालच्या हवेतला, जमिनीवरचा नव्हे. रेवसपाशी धरमतरच्या खाडीत भरतीबरोबर शिरणारा मचवा आणि त्याच भरतीला तोंड देत बाहेर पडणारा मचवा यांची इंजिने सारखीच राबतात, तरी काठावरून एक पळताना दिसतो आणि दुसरा रखडताना. विमानांच्या उंचीवर, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर, हिवाळ्यात अरबस्तानापासून उत्तर भारतापर्यंत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. दुबईला जाताना तो आडवा येतो, परतताना पाठीशी असतो. पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे सरकतो, आणि दक्षिण भारतावर त्याहूनही उंच, पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. त्याचे महत्त्व १९५०च्या दशकात दाखवून दिले ते भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडत असेल. तसे असते तर मांडव्यावर अधांतरी थांबलेल्या हेलिकॉप्टरखाली सत्तर मिनिटांत दुबईचे रेखावृत्त आले असते, आणि पश्चिमेकडचा प्रवास नेहमीच झटपट झाला असता. हिवाळ्यातला अनुभव याच्या नेमका उलट आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. विमानाला फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती वाहते याचा.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे: जाताना गमावलेले येताना मिळते, मग सरासरी पुरे. पण गणित तसे जुळत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर १९०० किलोमीटरला २ तास ३२ मिनिटे लागतात, पाठीमागून असेल तर २ तास. बेरीज ४ तास ३२ मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन ४ तास २८ मिनिटेच लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, म्हणून तोटा पुरता भरून निघत नाही. धावपट्टीपर्यंत जाण्याचा, चढण्या-उतरण्याचा वेळ यात धरलेला नाही. तिकिटावरचा प्रवास त्यामुळेही लांबतो. दोन्ही दिशांची तुलना तिकिटावरून करायची तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. जाताना मुंबईहून सुटण्याच्या आणि तिथे पोहोचण्याच्या छापील वेळांमधल्या फरकात दीड तास मिळवायचा, परतीच्या फरकातून तेवढाच वजा करायचा.