समुद्राच्या तळाला हाक

उरणचा तेल आणि वायूचा प्रकल्प आपण लांबून पाहिलाच आहे. तिथे तेल येते ते मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर दूर, भर समुद्रातल्या मुंबई हाय येथून. पण पाण्याखाली, त्याच्याही खाली खडकात दडलेली ती जागा सापडली कशी? पाणबुड्याने पाहिली का? छे! ती ऐकून सापडली.

डोंगरासमोर हाक मारली की तीच हाक परत येते. डोंगर जवळ असला तर लवकर, लांब असला तर उशिरा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. जहाजाने खाली सोडलेला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात परत आला, तर जाऊन-येऊन 150 मीटर झाले. म्हणजे पाणी 75 मीटर. मुंबई हायला साधारण तेवढेच आहे. आपले कोळीदादा पूर्वी दोरीला शिसे बांधून खोली वावांत मोजत. त्या दोरीला तळ कळे, तळाखालचे काही कळत नसे.

त्यासाठी आवाज जाड हवा. शेजारच्या आळीत वरात आली की भिंतीतून ढोलाचा धमधम आत येतो, सनई बाहेरच राहते. तसा खर्जातला आवाज गाळात शिरतो. दाबलेली हवा पाण्यात एकदम सोडून असा बार काढतात. गाळ संपून खडक लागला की थोडा आवाज परततो, बाकीचा पुढे जातो. पुन्हा नवा थर, पुन्हा प्रतिध्वनी. जहाजामागच्या लांबलचक केबलमधले 'कान' हे सारे टिपतात, आणि भाकरींच्या चवडीसारखे थरांचे चित्र तयार होते.

मुंबई हायला हे थर घुमटासारखे उचललेले दिसले. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते अशा घुमटात साठते. मात्र आत तेल आहे की नुसते पाणी, हे आवाज सांगत नाही. खोदावेच लागते. 1973 साली जगात तेल एकदम महागले होते. अशा वेळी एवढा खर्च करून घुमट रिकामा निघाला असता तर? पण 1974 साली 'सागर सम्राट'ने भोक पाडले आणि तेल लागले! 1976 पासून ते निघू लागले.

न्हावा-शेव्याचे बंदर 1989 साली सुरू झाले. खाडीत गाळ सारखा साचतो, म्हणून तिथेही आवाज सोडून खोली मोजावी लागते. पण तिथे बारीक आवाज लागतो, कारण तो गाळावरूनच परत फिरतो.

मासळीच्या थव्यावरूनही आवाज परततो बरं का! ज्यांच्या बाबांच्या होडीवर मासे दाखवणारे यंत्र आहे, त्यांनी ते एकदा चालू असताना जरूर पाहावे.