चित्रात दिसणारा माणूस कोणाचा?

बजाजनगर अजिंठ्याच्याच जिल्ह्यातले. भित्तिचित्रांतली माणसे ओळखायला सरावलेली इथली नजर आधुनिक चित्रातही आधी माणूसच शोधते. तो दिसला, तर कोणी आणला हे पाहावे. वासुदेव गायतोंडे यांनी सुरुवातीच्या मानवाकृती पुढे सोडल्या. नंतरच्या रंगथरांत चेहरा दिसलाच, तर तो आपल्या नजरेचा. तैयब मेहतांचा माणूस मात्र चित्रकाराचाच: सपाट रंगांत तुटलेले अवयव आणि १९६९पासून चित्र छेदणारी तिरकी रेघ. १९४७च्या दंगलीत जमावाने एका माणसाला मारताना त्यांनी मुंबईत खिडकीतून पाहिले होते. तिथे ‘हा कोण?’ विचारून भागत नाही. ‘या देहाचे काय झाले?’ असे विचारले, की रेघ घावासारखी दिसते आणि अनोळखी माणूस आपला वाटू लागतो.