पोट नसलेल्या माशाचं घर

छत्तीसगडमधल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डाखाली एक जुना समुद्र गाडलेला आहे. दुर्ग आणि रायपूरच्या मधला हा सपाट प्रदेश ज्या चुनखडकावर बसलाय, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी साचला. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या नंदिनीच्या खाणी त्याच तळात खोदल्या आहेत. या खडकांत पापुद्र्यावर पापुद्रा चढून झालेले घुमट दिसतात. सूक्ष्म जिवांच्या थरांनी ते बांधले. त्या पाण्यात मासा नव्हता, कारण मासा अजून पृथ्वीवर घडलेलाच नव्हता. आणि समुद्रघोडा तर माशांतही नवखा. त्याचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म स्लोव्हेनियात सापडले, आणि ते फक्त सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांचे आहेत. समुद्र इथून निघून गेला, त्यानंतर किती उशिरा हा जीव अवतरला याचा हिशोब मनात मावत नाही.

अशा गावात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, घरातल्या काचेच्या टाकीत समुद्रघोडा ठेवता येईल का? उत्तर आधीच सांगून टाकायला हवं. भारतात तो घरी ठेवता येत नाही. २००१ साली समुद्रघोडा आणि त्याचं सगळं कुळच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं, ज्या अनुसूचीत वाघ आहे. पकडणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा. तरीही ती टाकी मनातल्या मनात बांधून पाहाच. कारण या प्राण्याला काय काय लागतं ते एकेक करून मांडत गेलं, की त्याचं शरीर आपोआप उलगडत जातं.

पहिलं पाणी. चरोद्याचं बोअरचं पाणी चुनखडकातून येतं, म्हणून जड. ते चालणार नाही. आरओचं शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचं, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असतात, आणि ते प्रमाण जगातल्या जवळजवळ सगळ्या खुल्या समुद्रांत सारखंच आहे. खारटपणा कमीजास्त होतो, क्षारांचं आपसातलं प्रमाण हलत नाही. पाणी तयार झालं तरी लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. या जिवाणूंची वस्ती वाळूवर, दगडांवर आणि गाळणीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नसतो, पाणी फिरत राहतं आणि आपण रोज त्याची तपासणी करत राहायचं.

मग येतो मे महिना. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, कूलर घरघरत असतो, कोरडी हवा वाहत असते आणि टाकीतलं पाणी दिसेल इतकं आटतं. आटतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढतो. म्हणून पातळी भरून काढायची ती खाऱ्या पाण्याने नाही, गोड्या. मुद्दा साधा असला तरी खाऱ्या टाक्या बिघडतात त्या बहुतेक याच जागी. टाकी जितकी लहान, तितका हा धोका मोठा. लहान टाकी सोपी असा समज आहे, पण खरं उलट आहे: थोड्या पाण्यात खारटपणा, ऊब, अमोनिया सगळंच झपाट्याने बदलतं. शिवाय बंदिस्त पाण्यात समुद्रघोड्याला २२ ते २४ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून ऊब वाढली की रोगजंतू माजतात आणि त्याची कातडी, शेपटी सडू लागते. म्हणजे चरोद्यात पाणी थंड करणारं यंत्र हवं, आणि वीज गेली तरी ते चालू राहायला हवं.

टाकी लांब नको, उंच हवी. निदान दीड फूट. कारण समुद्रघोडा उभा पोहतो आणि त्याचं लग्न वरच्या दिशेने लागतं. नर-मादी एकमेकांसमोर येऊन, शेपट्या गुंफून तळापासून वर वर चढत जातात आणि त्या चढण्यातच मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते. उंची अपुरी असेल तर हे जमत नाही, अंडी खाली सांडतात.

पोहण्यात तो दुबळाच. पाठीवरचा एक छोटा पर सेकंदाला तिसाहून अधिक वेळा थरथरतो, त्यावर सगळी वाटचाल. समुद्रघोड्याचीच एक बुटकी जात तर जगातला सर्वांत मंद मासा म्हणून नोंदली गेली आहे. म्हणून टाकीत प्रवाह मवाळ हवा आणि धरायला काहीतरी हवं: समुद्रवनस्पती, नाहीतर प्लास्टिकची फांदी. त्याची शेपटी हाताचं काम करते. बहुतेक प्राण्यांच्या शेपट्या गोल असतात, याची चौकोनी. कशासाठी? २०१५ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांनी चौकोनी आणि गोल अशा दोन्ही शेपट्यांचे नमुने थ्री-डी प्रिंटरवर बनवून ते पिळून, चिरडून पाहिले. चौकोनी शेपटी दाबाखाली चपटी होऊन परत मूळ आकाराला आली आणि पकडीतही सरस ठरली. आतल्या हाडांच्या तकटांच्या कडा एकमेकींवर सरकतात म्हणून ती मोडत नाही. यंत्रमानवाचे हात बनवणारे आज या शेपटीकडे अभ्यासक म्हणून बघतात.

आता खाणं. खरं नवल इथे आहे आणि खरी कसोटीही इथेच. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठर नाही. नळीसारख्या तोंडाने ओढलेला घास थेट आतड्यात जातो, झरझर पुढे सरकतो आणि पुरता पचायच्या आत बाहेर पडतो. साठवायला जागाच नाही, म्हणून त्याला दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने खात राहावं लागतं. आणि खाणं म्हणजे शिकार. जगातल्या सर्वांत मंद माशांपैकी एक, आणि भक्ष्य कोण, तर कोपेपॉड: पाणी किंचित हललं तरी विजेसारखा उडी मारून निसटणारा इवला जीव. हे जमतं कसं? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर मिळालं. घोड्यासारखं ते लांबट डोकं अशा घडणीचं आहे की नाकाच्या टोकापुढचं पाणी जवळजवळ हलतच नाही. त्या निश्चल जागेत तो भक्ष्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचतो. दोन डोळे दोन दिशांना वेगवेगळे फिरत असतात. मग मानेजवळच्या स्नायूबंधांत ताणून ठेवलेली शक्ती सुटते, डोकं वर उसळतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत घास आत गेलेला असतो. संथ पाण्यात त्या बुटक्या जातीचे दहापैकी नऊ हल्ले यशस्वी ठरले. ज्या डोक्यामुळे आपण त्याला घोडा म्हणतो, ते डोकं सावधपणे दबा धरण्याचं साधन आहे, हे वाचलं तेव्हापासून मला त्याचं चित्रसुद्धा निराळं दिसतं.

टाकीत हे सगळं आपल्याला पुरवावं लागतं. दिवसातून अनेकदा, जवळ्यासारखी दिसणारी गोठवलेली मायसिस कोळंबी. आर्टेमिया या इवल्या कवचधारी जिवाची अंडी खाऱ्या पाण्यात एका दिवसात फुटतात, पण नुसत्या आर्टेमियावर तो पोसत नाही, तिला आधी पौष्टिक द्रव्यं खाऊ घालावी लागतात. सोबत दुसरा चपळ मासा ठेवला तर समुद्रघोडा उपाशीच राहतो. आणि पचन अर्धवट, म्हणजे घाण जास्त, म्हणजे पुन्हा तो अमोनिया.

एवढं सगळं साधलंच, तर पुढचं दृश्य मात्र पृथ्वीवर दुसऱ्या कुठल्या कुळात नाही. गर्भ नर वाहतो. पिशवीचं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरून जाड होतं, अंडी त्यात रुतून बसतात, बाप त्यांना प्राणवायू पुरवतो आणि पिशवीतल्या द्रवाची क्षारता हळूहळू बाहेरच्या समुद्राशी जुळवून आणतो, म्हणजे पिल्लं बाहेर पडतील तेव्हा त्यांना धक्का बसू नये. दोन ते चार आठवड्यांनी कळा येतात आणि तो अंग आखडून पिल्लांचे लोटच्या लोट पाण्यात सोडतो. काही डझनांपासून हजाराहूनही अधिक. जन्मल्या क्षणापासून ती पोरकी, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना जिवंत अन्न हवं. समुद्रात त्यातली हजारातून मोजकीच मोठी होतात.

कोकण-गोव्याच्या खाड्यांत आढळणारी समुद्रघोड्याची जात कुडा. १८५२ साली डच मत्स्यशास्त्रज्ञ ब्लीकर यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ही जात बंदिस्त पाण्यात वाढवण्याचे प्रयोग झाले. टाकीच्या पार्श्वभूमीचा रंग बदलला तर पिल्लांच्या खाण्यावर आणि जगण्यावर काय परिणाम होतो, इथपर्यंत तिथे तपासलं गेलं. प्रशिक्षित माणसं, प्रयोगशाळा आणि दाराशी समुद्र, तरीही हे काम इतकं नाजूक आहे.

तिकडे जाळी मात्र थांबत नाहीत. ज्या २१ देशांची माहिती गोळा झाली, तिथे दरवर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे मासेमारीत सापडतात, असा २०१७ चा अंदाज आहे. बहुतेक दुसरी मासळी पकडताना ट्रॉलरच्या जाळ्यात आलेले. वाळवून ते पारंपरिक औषधांसाठी विकले जातात. जोडीदाराला रोज सकाळी नाचून भेटणारा हा जीव. जाळ्यात एक गेला की मागे राहिलेल्याची वीणही थांबते. म्हणून मालवणला, रत्नागिरीला जाळ्यात जिवंत आलेला घोडामासा पाण्यात परत सोडणाऱ्या कोळ्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. मासे विकणाऱ्या एखाद्या दुकानात तो दिसला, वाळवलेला किंवा जिवंत, तर दया येऊनही विकत घेऊ नका. एक विकला गेला की दुसरा पकडला जातो. वनखात्याला कळवा.

आणि बापाचं ते वात्सल्य घरात बघायचंच असेल, तर चरोद्याच्या गोड्या पाण्यातही ते दिसतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला बुटका गौरामी सहज मिळतो. साठ लिटरची टाकी, क्लोरीन उतरलेलं पाणी, तरंगत्या वनस्पती आणि अगदी मंद गाळणी, एवढ्यावर त्याचं भागतं. तो वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वीज गेली तरी तासाभरात काही बिघडत नाही. नर-मादीची जोडी घ्या. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं की नर तोंडाने बुडबुडे सोडून, त्यांत वनस्पतींचे तुकडे विणून पृष्ठभागावर घरटं बांधतो, निसटलेलं अंडं तोंडात धरून परत आणून ठेवतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत पहारा देतो. अंडी दिसली की मादीला दुसऱ्या टाकीत हलवा. त्या दिवसांत नर तिलाही घरट्याजवळ फिरकू देत नाही.